सूइंगने खुडलेला चहा

वूतुंगच्या डोंगरावर दोन माणसं बसोत की पाच, चहाला पेले तीनच. लाइशुनने ते सवयीनं मांडले. समोर त्याची लेक बसली होती, पेइयुन. आईचं क्रियाकर्म सगळं उरकलं होतं आणि आज दुपारी ती शहरात परतणार होती. आल्यापासून बापाच्या हातचा चहा तिनं एकदाही ओठाला लावला नव्हता. जाताना तरी एक घोट घ्यावा, एवढीच त्याची आस.

का घेत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. वसंतातली खुडणी. चहाच्या म्हाताऱ्या, उंच झाडाला शिडी लावून पेइयुनची आई सूइंग चढली, भरली टोपली घेऊन उतरताना पाय निसटला. कंबर धरून अंथरुणावर पडली. नवरा गाडी बोलवायला निघाला, तर तीच म्हणाली, एवढ्यानं काही मरत नाही मी, तुम्ही पानं बघा. खुडलेलं पान माणसासाठी थांबत नाही. सुपात घोळवायचं, निजवायचं, पुन्हा घोळवायचं, कडा ठेचून लाल होईस्तोवर. ठेच लागल्याशिवाय या पानाला वास सुटत नाही. लाइशुन रात्रभर घोळवत राहिला. पलीकडच्या खोलीत तिचं रक्त आतल्या आत वाहत होतं, त्याला ना रंग दिसला ना वास आला. उजाडता उजाडता पानं तापल्या कढईत पडली, घरभर फुलांचा दरवळ उठला आणि तोवर सूइंग गार पडली होती.

तोच चहा आज त्याने काढला. इवल्याशा किटलीला कढत पाण्याने न्हाऊ घातलं, पानं भरली, पहिलं पाणी ओतून दिलं. दुसरं पाणी तिन्ही पेल्यांवरून गोल गोल फिरवत वाटलं, शेवटचा थेंबसुद्धा.

पेइयुनने पेला उचलला. तो पुढे झुकला. तिने पेला त्याच्यापुढे ठेवला.

“आधी तुम्ही प्या, बाबा. मेहनत तुमची.”

त्याने घोट घेतला. आधी कडसर, मग घशातून वर येत रेंगाळणारा गोडवा. चहा बेचव निघावा, असं तो इतके दिवस मनात घोकत होता.

“कसा झालाय?”

खोटं बोलता आलं असतं.

“असा कधीच झाला नव्हता,” लाइशुन म्हणाला.

“मग आई वाया नाही गेली.”

पिशवी खांद्याला अडकवून ती पायवाट उतरली. भरलेले दोन पेले तसेच निवले. त्याच्या घशातला गोडवा मात्र जाता जाईना.