शेवटचं नवं चर्च

फिलिपिन्सच्या आंतिके प्रांतात पेलिंगने पाऊल न ठेवलेलं आता एकच चर्च उरलं होतं, आणि तेही मिठागरांच्या पलीकडे, मुद्दाम कोणी जाऊ नये अशा जागी. नव्या चर्चची पायरी पहिल्यांदा चढताना जे मागाल ते मिळतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मात्र एका चर्चला एकदाच. पुढच्या खेपेला गेलात तर नुसती प्रार्थना.

सुरुवातीची मागणी पेलिंगने संसारात उडवली. छपराला पत्रे, मुलाला मनिलाच्या जहाजावर नोकरी, नवऱ्याचा आजार बरा. हे शेवटचं तेवढं मिळालं नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आणि गेल्या दीड वर्षात तिने नऊ चर्चमध्ये एकच मागितलं होतं. देल्फिनने आपल्याला लग्नाचं विचारावं.

देल्फिन म्हणजे त्या नऊही चर्चना तिला घेऊन गेलेला, तीन मुलींच्या, त्यातही थोरलीच्या धाकातला विधुर. मोटारसायकलला साइडकार जोडून भाडी मारायचा. वाटेत न सांगता गाडी वळवायचा, कधी वडाने गिळलेला घंटेचा मनोरा दाखवायला, कधी झऱ्याखालच्या डोहापाशी. चर्चच्या आत मात्र कधी आला नाही. बाहेर गाडी पुसत बसायचा. तो तिला इंदाय, म्हणजे पोरी म्हणायचा, आणि वयाने मोठा म्हणून ती त्याला मानोंग, म्हणजे दादा म्हणायची. अलीकडे तिला याचा फार पस्तावा होत होता.

"मानोंग, आज तरी आत या," ती साइडकारमधून उतरत म्हणाली.

"तू ये जाऊन, इंदाय. मी चेनला तेल घालतो."

"कालच घातलंत. देवाशी भांडण आहे का तुमचं?"

"छे. मी साठवतोय."

"काय?"

"पहिली मागणी. तुझा हात सैल आहे, मिळाली की उधळतेस. मी आपल्या गावचं सोडून एकाही चर्चमध्ये शिरलेलो नाही. सगळी शिल्लक आहेत."

"आणि कशासाठी ही काटकसर?"

"मागायचंय एकच. पण मोठं आहे. एका चर्चने नाही भागलं तर दुसरं हाताशी असावं." त्याचे कान लाल झाले होते.

पेलिंग दारापर्यंत गेली. एक पायरी उरली होती. ती तिथूनच मागे फिरली, साइडकारमध्ये बसली आणि नारळाच्या पानाची पुडी सोडून आतला चिकट भात खाऊ लागली.

"ते मोठं मागणं देणार कोण?" तिने विचारलं.

देल्फिन चेनकडे बघत राहिला. "अर्धं देव."

"आणि उरलेलं?"

"तू."

"मग माझ्या वाट्याचं मला विचारा की. मी काय मूर्तीसारखी उंच चौथऱ्यावर बसलेय?"

त्याने हात फडक्याला पुसले, टोपी काढली. "पेलाहिया," त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं, "माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," ती घास गिळून म्हणाली. "माझ्या मुलाला मी कळवते. तुमच्या मुलींना तुम्ही सांगायचं. तिघींनाही. थोरलीला आधी."

देल्फिनने कपाळावरचा घाम टिपला, आणि कधी नव्हे तो तिच्या आधी चर्चची पायरी चढला.