टाळूवरची सुई

मावशींनी ट्रे खिडकीपाशी उजेडात नेला आणि काढलेल्या सुया पुन्हा मोजल्या. एक कमीच भरत होती. खाटेखाली पाहिलं, चादर झटकली, उशी उलटी केली. मग एकदम आठवलं. टाळूवरची सुई राहिली होती. केसांत बुडालेली, केसाएवढीच बारीक. शिंपीणबाई ती डोक्यात घेऊनच निघून गेली होती.

ॲक्युपंक्चरच्या सुया टोचायचं काम डॉक्टरबाईंचं, काढायचं मावशींचं. टाळूवरची सुई सगळ्यांत आधी काढायची, हा नियम मावशींनीच स्वतःला घालून घेतला होता, कारण विसरली जाते ती नेमकी तीच.

"फोन लावा तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. पडद्यापलीकडे त्या एका बाईच्या पोटाला वाळक्या पाल्याच्या जळत्या कांडीचा शेक देत होत्या, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं.

"लावला. बंद आहे."

"मग जा, स्टॉपवर असेल अजून. हे झालं की उकळत्या काढ्याकडे मी बघते. पण मावशी, तुम्ही कशा विसरलात?"

मावशींनी पायात चपला सरकवल्या. सांगणार तरी काय? सुया काढायला सुरुवात करतानाच शिंपीणबाईने विचारलं होतं, "मोठीचं लग्न जमलं का हो?" आणि मावशी जगात नसलेल्या मुलीसाठी मनातल्या मनात स्थळ जुळवून तिला सांगत बसल्या.

जिना उतरताना गुडघे कुरकुरत होते. या जिन्याने मावशी पहिल्यांदा आल्या त्या मूल होत नव्हतं म्हणून, पेशंट म्हणूनच. सुया टोचून घेतल्या, काळ्या मुळांचे, सालींचे आणि लाल सुकलेल्या बोरांचे कडू काढे नाक दाबून प्याल्या. चिनी अक्षरांच्या त्या पुड्यांनी काहींना गुण आला, काहींना नाही, आणि मावशी दुसऱ्यांत निघाल्या. पुढे काढे उकळायला माणूस हवं होतं, म्हणून त्या राहिल्या. संध्याकाळी नवरा दारातच विचारायचा, "आलीस का जंगल उकळून?" तेवढंच दोघांचं हसणं.

मग एकदा एक कोवळी बाई खाटेवर थरथरत होती. सुया बघून तिने मावशींचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "तुम्हाला आला का हो गुण?" मावशींच्या तोंडून निघून गेलं, "दोन मुली आहेत मला." त्या बाईने डोळे मिटले आणि ती शांत झोपली. एवढंच झालं होतं.

पण बोलून गेलेला शब्द काही परत येत नाही. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि मावशींवर त्या मुली वाढवायची पाळी आली. त्यांना शाळेत घालावं लागलं. गोवर काढावा लागला. धाकटीला चष्मा लागला, मोठीने परीक्षेत दिवे लावले. कोणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवता ठेवता मावशी दमून जायच्या. सख्ख्या मुलींनी एवढा घोर लावला नसता. डॉक्टरबाईंच्या कानावर हे गेलंच असणार, पण त्या कधी हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत.

शिंपीणबाई स्टॉपच्या बाकावर बसली होती. मान ताठ, मांडीवर काढ्याचा थर्मास. तिला बघून मावशींचा जीव भांड्यात पडला.

"अगं, मान खाली कर. सुई राहिलीय तुझ्या टाळूत."

"माहितेय मला," ती शांतपणे म्हणाली. "जन्म सुईत गेला माझा मावशी, मला कळणार नाही होय? जिन्यातच कळलं."

"मग परत का नाही फिरलीस?"

तिने मांडीवरचा थर्मास सारखा केला. "म्हटलं, राहू दे. जास्त वेळ राहिली तर जास्त लागू पडेल. दोन बस सोडल्या. गर्दीत कोणाचा धक्का लागला असता तर निघाली असती ना."

मावशी तिच्या शेजारी बसल्या. त्यांना रडू आलं नाही, नुसता थकवा आला. एवढा थकवा, की सुई काढायला हातही उचलेना.

"घरी म्हणतात आता पुरे," शिंपीणबाई सांगत होती. "नवरा चांगला आहे हो माझा. तोच म्हणतो, तुझे हाल बघवत नाहीत, बंद कर हे सगळं. मलापण पुरे झालंय खरं. त्या काढ्याचा वास आला तरी पोटात ढवळतं. पण मी त्याला म्हटलं, मावशींना याच औषधाने दोन झाल्या. तुमच्या जिवावर तर चाललंय माझं."

मावशींनी तिच्या केसांत बोटं घातली. सुई सापडली, हलकेच निघाली. त्यांनी ती कापसात गुंडाळून मुठीत धरली.

"मला मूल नाही," त्या म्हणाल्या.

शिंपीणबाईने मान वळवली. कितीतरी वेळाने मोकळी झाली होती ती मान.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. एकही नाही. मीपण तुझ्यासारखीच आले होते इथे. काहींना गुण येतो, आलाय, मी बघितलंय. मला नाही आला."

"आणि मघाशी मोठीसाठी बघितलेला मुलगा बँकेत आहे म्हणालात, ते?"

"तुझ्या अंगातल्या सुया काढता काढता जमवलं ते स्थळ. म्हणून तर टाळूवरची राहिली."

शिंपीणबाईच्या तोंडून हसल्यासारखं काहीतरी निघालं, पण ते हसणं नव्हतं. तिने थर्मास बाकावर ठेवला, दोघींच्या मध्ये. रागावली असती तर मावशींना बरं वाटलं असतं. त्यासाठी मनाची तयारी करूनच त्या बोलल्या होत्या. पण ती नुसती समोरच्या बंद दुकानाच्या फळीकडे बघत राहिली.

बस लांबून दिसली. शिंपीणबाई उठली, कपडे सारखे केले, पिशवी खांद्याला लावली. थर्मास तिने उचलला नाही.

"नावं काय ठेवली होतीत?" तिने विचारलं.

"कुणाची?"

"मुलींची. इतक्या वर्षांत कधी नाव घेतलं नाहीत तुम्ही. मोठी आणि धाकटी, एवढंच."

मावशींनी नावं सांगितली. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा सांगावी लागली. आजवर ती कोणी विचारली नव्हती. नवऱ्यानेही नाही.

शिंपीणबाईने दोन्ही नावं एकदा हळूच उच्चारून बघितली. "छान आहेत," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. आत बसायला जागा होती. खिडकीपाशी बसून तिने सीटला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

बस गेली. मावशींनी थर्मास उचलला. अजून गरम होता.