रिकामा खिळा

मिस्त्रीला पोहता येत नव्हतं. हसा, खुशाल हसा! पस्तीस वर्षं तलावाकाठच्या शेडमध्ये होड्या आणि वॉटर स्कूटर दुरुस्त करण्यात गेली, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की गड्याची बोबडी वळायची. त्याची लेक मात्र त्याच तलावावर जीवरक्षक. ती म्हणायची, "बाबा, इंजिनाचं तुम्ही बघा, पाण्याचं मी बघते." अशी सरळ वाटणी होती.

त्या दिवशी सकाळपासून तो जीवरक्षकांच्या स्कूटरच्या मागे हात धुऊन लागला होता. स्कूटर पंचवीस वर्षांची म्हातारी. तिच्या तळाशी ऑइल साचत होतं आणि कुठून गळतंय ते काही कळत नव्हतं. जुन्या इंजिनाची गळती म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ऑइल सुटतं एकीकडून आणि ओघळत जाऊन थेंब धरतं भलतीकडेच. मिस्त्रीने सगळं इंजिन पुसून कोरडं केलं, वरून पांढरी पावडर मारली आणि स्टूल ओढून बसला. पावडर ओली झाली ती पंपापाशी, टाकीकडून आलेली नळी जिथे आत शिरते तिथे. नळीचं तोंड चिरलं होतं. त्याने वरच्या अंगाला चिमटा लावून नळी दाबून टाकली, चिरलेलं टोक बोटभर कापलं, नळी परत बसवली, नवी पट्टी आवळली. पुन्हा पावडर मारली आणि चहा संपेपर्यंत बघत राहिला. एक थेंब नाही! इंजिन ठणठणीत कोरडं.

"आहे की नाही हातात जादू?" तो स्वतःशीच म्हणाला. स्वतःची पाठ थोपटता आली असती तर तीही थोपटली असती.

शेडच्या भिंतीवर एक फळी होती. बारा खिळे, बारा हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे पांढऱ्या रंगात त्याची आकृती. नियम असा, की काम संपलं की हत्यारं मोजायची आणि बारा खिळे भरल्याशिवाय स्कूटरची किल्ली मिस्त्रीच्या खिशातून निघायची नाही. मग समोर कोणी का असेना. एकदा तर खुद्द मोठ्या साहेबांना त्याने दारात ताटकळत ठेवलं होतं.

दुपारी भोंगा वाजला. लेक जाकिटाचे पट्टे आवळत धावतच आली.

"बाबा, पायडलची होडी बंधाऱ्याकडे वाहत चाललीय, दोघं आहेत तिच्यात. किल्ली द्या!"

"गळती थांबली बघ, थेंबसुद्धा नाही."

"खिळे?"

"भरले," मिस्त्री म्हणाला. मान वळवूनही बघितलं नाही. तोंडाला सवयीने आलं ते बोलून गेला, आणि किल्ली तिच्याकडे फेकली.

दोघांनी ढकलून स्कूटर पाण्यात घातली. ती भुर्रकन गेली. मिस्त्री चिंध्या गोळा करायला आत आला आणि त्याची नजर फळीवर गेली. सहाव्या खिळ्यावर चिमट्याची नुसती आकृती होती.

त्याने बाक चाचपला. खिसे उलटे केले. स्टुलाखाली वाकून बघितलं, आणि वाकल्या जागीच त्याला आठवलं. चिमटा नळीवर होता. म्हणून थेंब नव्हता! गळती थांबली की नाही देव जाणे, टाकीतलं ऑइलच थांबलं होतं. आणि तो मूर्ख तिथे बसून स्वतःचीच आरती ओवाळत होता.

पंपात उरलंय तेवढ्यावर इंजिन चार-पाच मिनिटं पळणार. मग तापणार, मग जाम होणार. या गाडीला सुकाणू नाही, मागे फेकलेल्या पाण्याच्या जोरावरच ती वळते. इंजिन मेलं की हँडल नुसतं शोभेचं. पुढे बंधारा, आणि बंधाऱ्यापलीकडे तीन पुरुष खोल खाली दगड.

मिस्त्री धक्क्याकडे धावला. तिथला चौकीदार दिवसभर डोळ्याला दुर्बीण लावून बसायचा, म्हणून सगळे त्याला दुर्बीणच म्हणायचे.

"तिला परत बोलाव! गाडी बंद पडणार आहे!"

"कशी बोलावू? फोन तिचा इथे टेबलावर पडलाय."

"भोंगा वाजव!"

"भोंगा ऐकला तर ती आणखी जोरात जाईल हो."

खरंच होतं ते. इंजिनाचा आवाज पाण्यावरून येत होता आणि त्या आवाजातलं त्याला सगळं कळत होतं, हेच वाईट होतं. आवाज चांगला होता, भरलेला होता. मग पातळ झाला. मग चढला, किरकिरला. आणि तुटला.

"काय दिसतंय?"

"मध्ये झाडं आलीत. काही दिसत नाही."

"होडी काढ."

"मिस्त्री, तुम्हाला पोहता—"

"काढ म्हणतो ना!"

दुर्बीण वल्ही मारत होता आणि मिस्त्री होडीच्या तळाला बसून दोन्ही काठ घट्ट धरून होता. पाण्याची भीती आज कुठल्या कुठे गेली होती, तेवढी जागाच मनात नव्हती. मीच मारली तिला. भरले म्हणालो. भरले म्हणालो मी. दुसरं काही त्याच्या डोक्यात येत नव्हतं. दुर्बीण घामाघूम झाला तरी झाडांचं टोक जवळ येईना.

आणि आवाज आला. आधी दोन उचक्या, मग घरघर, मग तोच भरलेला आवाज, पण हळू. झाडांच्या टोकाआडून स्कूटर बाहेर आली. मागे दोरीला पायडलची होडी, होडीत भेदरलेलं जोडपं. मिस्त्रीला रडू कोसळलं. त्याने ते लपवलंही नाही.

जवळ येऊन लेकीने वेग कमी केला आणि मुठीतला चिमटा त्याच्या हातात ठेवला.

"आवाज बदलला तशी मीच बंद केली. बंधाऱ्याच्या अलीकडे आडवी बांधलेली तरंगत्या पिंपांची दोरी आहे ना, ती हाताला लागली. मग सीट उचलून बघितलं." तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि तळहात दोरीने सोलवटला होता.

"दोरी लागली नसती तर?"

"तर गेले असते," ती म्हणाली.

संध्याकाळी शेडमध्ये दोघंच होती. मिस्त्रीने सहाव्या खिळ्याला चिमटा अडकवला.

"पस्तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो मी."

लेकीने खिळ्यावरचा चिमटा उगाच सरळ केला.

"बोल ना."

"पहिल्यांदा नाही, बाबा." ती फळीकडे बघत होती. "वर्षभर मी रोज मोजते. तुम्ही जेवायला गेलात की. एकदा पाना इंजिनावर राहिला होता, एकदा पेचकस. हा चिमटा तर तीनदा. मी गुपचूप आणून लावायचे. आज तेवढी सवड मिळाली नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही घाबरला असता."

मिस्त्रीला त्यातलं काहीच आठवेना. पाना नाही, पेचकस नाही. बंधाऱ्याची भीती दुपारीच संपली होती, ही नवी भीती मात्र घरी येणार होती, उद्या सकाळी चहालाही सोबत बसणार होती. लेकीने किल्ली पुढे केली. त्याने घेतली नाही.

"राहू दे तुझ्याकडेच."

मग त्याने बोट लावून खिळे मोजले, एकेक करून, लहान पोराने पाढे म्हणावेत तसे मोठ्याने.

"बारा," तो म्हणाला, आणि बरोबर आहे का ते बघायला तिच्या तोंडाकडे पाहिलं.