घरटी एक काळीज

मित्रांनो, मला बोलता येत नाही; मला फक्त एक रेघ काढता येते. माणसाच्या हृदयाची चाल कागदाच्या पट्टीवर उमटवणारे मी एक जुने यंत्र आहे. लोक मला ईसीजीचे मशीन म्हणतात. मला चार चिमटे आहेत, ते हातापायांना लावतात. सहा रबरी फुगे आहेत, ते छातीवर चिकटतात. ज्या बाईंनी कारखान्यात मला जोडले, त्यांनी पहिली रेघ स्वतःच्याच हृदयाची काढून पाहिली होती. ती शांत होती. त्यानंतर इतकी हृदये ऐकली. पण ती पहिली चाल मी विसरलो नाही.

विद्यापीठाच्या रुग्णालयात मी सोळा वर्षे काम केले. पुढे पडद्याची, हलकी यंत्रे आली आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. तिथे धूळ होती, एकांत होता. वाईट वाटत नसे असे कसे म्हणू? परंतु एके दिवशी संशोधकांनी मला खाली उतरवले. हृदयाची चाल बिघडली की हळूहळू मेंदूवरही परिणाम होतो का, याचा ते अभ्यास करत होते. त्यांना डोंगरमाथ्यांवरच्या वस्त्यांत जायचे होते, आणि मी बॅटरीवर चालत होतो.

तेव्हापासून दर वर्षी भातकापणी आटोपली की मी महाडहून वरंधपर्यंत जीपने आणि तिथून पुढे कोणाच्या तरी पाठीवर बसून धनगरवाड्यावर जाऊ लागलो. अंगणात घोंगडी अंथरत. आधी मी रेघ काढी. मग विद्यार्थी पाच शब्द सांगत: कोयता, चंद्र, पेरू, विहीर, शिंग. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारत. किती आठवले, ते घराच्या कार्डावर लिहिले जाई आणि माझी पट्टीही तिथेच चिकटवली जाई. विद्यार्थी दर वर्षी निराळे असत. घरे आणि कार्डे मात्र तीच.

तिसऱ्या वर्षी प्रियदर्शिनी नावाची संशोधक प्रथमच वर आली. तिच्यासोबत हर्षद होता. यंत्रे सांभाळण्याचे काम त्याचे. कुशाबा नावाच्या साठीतल्या गृहस्थांची रेघ मी काढली. ती समान अंतराने चालत होती. पाचही शब्द त्यांनी धडाधड सांगितले. प्रियदर्शिनीने जुने कार्ड उघडले आणि ती थबकली. पहिल्या वर्षी रेघ अशीच समान चालीची होती. दुसऱ्या वर्षी मात्र ठोके वेडेवाकडे, कधी घाईने, कधी अडखळत पडलेले. आणि शब्द आठवले होते फक्त दोन.

मागल्या वर्षी काही आजार झाला होता का, असे तिने विचारले. कुशाबांना साधे पडसेही झाले नव्हते.

"मशीनच म्हातारं झालंय, मॅडम," हर्षद म्हणाला. "याला आता भंगारात देऊ या. मागच्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्याही रद्द करा."

मित्रांनो, मला स्वतःची काळजी वाटलीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ती वाकडी रेघ मी खोटी काढलेली नव्हती. कोणाच्या तरी छातीत ती चाल खरोखर होती, आणि ती पट्टी फाडली गेली असती, तर तो माणूस कोणालाही सापडला नसता.

प्रियदर्शिनी उतावळी नव्हती. तिने हर्षदलाच घोंगडीवर झोपवले आणि त्याच्या छातीवर माझे फुगे लावले. रेघ निर्दोष आली. तो ओशाळून उठला.

इतक्यात कुशाबांच्या पत्नी राहीबाई चहा घेऊन आल्या. काय घोळ चालला आहे ते त्यांनी ऐकले आणि त्या सहज म्हणाल्या, "मागल्या साली हे कुठं होते गो बाय? म्हैस आजारी, तिला घेऊन वरंधला गेलेले. तुम्ही घरटी एक माणूस बोलावलात. मग माझा दीर बसला."

वाट साफ करायची असो, देवळाची डागडुजी असो, वाडीत घरटी एक माणूस जातो. कोण गेला, हे कोणी पाहत नाही. घर आले म्हणजे झाले. त्या माणसांना यात काहीच चुकीचे वाटले नव्हते, आणि कार्डावर तर घरच्या कर्त्याचेच नाव होते.

कुशाबा हसू लागले. "अगो, वाट साफ करायला कोणपण चालतो. काळीज काय घरटी एक असतं?"

धाकटे भाऊ महादू अंगणाच्या कडेला दावे वळत बसले होते. प्रियदर्शिनीने त्यांना बोलावले. मी रेघ काढली. तीच अडखळती चाल, आणि आठवलेले शब्दही पुन्हा दोनच. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर अर्धे अंग जाते, म्हणून महाडला डॉक्टरांकडे जायलाच हवे, हे तिने सोप्या भाषेत समजावले.

"मला नाय काय झालेलं," महादू खाली बघत म्हणाले. "दोन भारे गवत अजून एकटा आणतो."

कुशाबांचे हसू मावळले. "आणतोस रे. पण मधे चार वेळा बसतोस. परवा रेडकू बांधायला गेलास नि दावं हातात घेऊन तसाच परत आलास. आम्ही हसलो तुला. उद्या मी येतो तुझ्यासंगती. म्हशींचं शेजारचा रावजी बघेल."

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ महाडच्या एसटीत बसले. डॉक्टरांनी रक्त पातळ राहण्याच्या आणि ठोके आवरण्याच्या गोळ्या सुरू केल्या.

यंदा आम्ही पुन्हा वर गेलो. आता प्रत्येक माणसाचे कार्ड वेगळे आहे. महादूंची रेघ अजून वाकडीच आहे, पण तिची धावपळ थांबली आहे. चढावर ते आता एकदाच बसतात. त्यांना शब्द आठवले तीन. चौथा राहीबाईंनी मागून हळूच सांगितला. प्रियदर्शिनीने तो लिहिला नाही.

मित्रांनो, मी समाधानी आहे. हर्षद आता माझे फुगे स्वतः कोरडे पुसतो, वायरी पिळत नाही. तुमच्याकडे एखादे जुने यंत्र असेल, तर त्यालाही एवढे जपा. आणि त्याची एखादी रेघ चुकलेली वाटली, तर ती फाडण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा: ही रेघ कोणाची?