पाठचा तीळ

"अवो, सदरा घाला म्हंते न्हवं! पाठ भाजून घ्यायला तुमी काय भरताचं वांगं हाय?"

राजमतीनं नवऱ्याला टोला हाणला. तंबाखूची खुडणी तशीच पडलेली, आन हा शाणा नेमगोंडा भर उन्हात उघडा, सूर्याकडं पाठ करून बांधावर बसलेला. मागं धाकटा भाऊ गोमटेश त्याच्या पाठीवरल्या तिळाला खोबरेल चोळत हुता.

तीळ लहानपणापासनंचा, मोहरीएवढा. बोअरला पाणी लागलं आन त्याच वरसी तो वाढाय लागला. झालं! चिकोडीच्या जोतिषानं सांगितलं, "लक्ष्मीचा तीळ हाय, रोज ऊन दाखवा." त्याच्या बाचं काय जातंय? पाठ थोडीच त्याची हुती!

खोकल्यापायी निपाणीला गेलते, तवा डाक्टरणीनं पाठ बघितली आन तिचं तोंडच उतरलं. "उन्हानं तीळ काळवंडतोय. पण ह्याच्या कडा फाकल्यात, रंग दोन झाल्यात. काढून तपासूया. कॅन्सर असला तर जिवावर बेतंल."

"लक्ष्मी कापून देऊ व्हय?" म्हणत गडी उठून आलता. तवाधरनं राजमती त्याच्या मागं लागली हुती. रडून झालं, शिव्या देऊन झालं. दगडावर पाणी!

आज तिनं सूर बदलला. "चोळा भावजी, चांगलं चोळा. फळ तुमचंच हाय."

"म्हंजे गं?" नेमगोंडानं मान वळवली.

"आमच्या माहेरी म्हंत्यात, छातीवरचा तीळ ज्याचा त्याला, पाठीवरचा तीळ पाठच्या भावाला. बघा की, बोअर तुमचा, आन कमरंला लागलीया ती तंबाखू कुणाच्या वाट्यातली? भावजींच्या!"

"वैनी, खरं?" म्हणत ते येडं दोनी हातांनी चोळाय लागलं.

"सोड रं!" नेमगोंडा ताडकन उठला. जीव जाईल म्हटल्यावर ढिम्म न हललेला बाप्या, भावाचं बरं हुतंय म्हटल्यावर तसाच उघडा फटफटीवर बसला. सदरा घेऊन राजमती मागं पळाली.

"मुळासकट काढा बाई," त्यानं डाक्टरणीला सांगितलं.

तपासणीत वंगाळच निघालं, पण वरवरचं. "वेळेत आलात," डाक्टरीण म्हणाली. "पावसाळ्यापातूर थांबला असता तर माझ्या हातात काय ऱ्हायलं नसतं."

राजमतीनं डोळ्याला पदर लावला.

"रडतीस कशापायी?" नेमगोंडा म्हणाला. "गोमट्याला एक दमडी मिळू दिली न्हाय बघ!"