आतल्या खोलीतला फोन

"आई, ठेवा! फोन खाली ठेवा!"

ती बाहेरच्या खोलीतून ओरडली, पण उशीर झाला होता. आत सासूबाईंनी रिसीव्हर उचलला होता आणि इंटरनेटवरून ऑफिसच्या दाराशी पोहोचलेली फाइल तिथूनच माघारी फिरली होती. मॉडेमचे दिवे विझले.

घरात लाइन एकच, फोन मात्र दोन. आतला उचलला की बाहेरचं इंटरनेट तुटायचं.

"मी नुसतं बघितलं गं, चालू आहे का," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. "फोनमध्ये कुणीतरी किंचाळतंय."

"माझं ऑफिस आहे ते."

"मग त्यांना सांग, जरा हळू बोला म्हणावं. तेवढ्यात त्याचा फोन आला तर?"

तो म्हणजे सासूबाईंचा मुलगा, तिचा नवरा. कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि हळूहळू तिथलाच झाला. तिथे घर, तिथे कुणीतरी. तिला हे ठाऊक होतं. सासूबाईंनाही असावं, पण विषय निघाला की दोघींनाही एकदम स्वयंपाकघरातलं काम आठवायचं.

ती घरी बसून दवाखान्यांचे अहवाल टाइप करून पाठवायची. त्यावरच दोघींचं चालायचं. काम देणाऱ्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आज पाचच्या आत आलं नाही, तर उद्यापासून दुसरीला देईन हं. राग मानू नका."

मॉडेमचे लाड काय कमी होते? तापतो म्हणून त्याला पालथ्या वाटीवर बसवलेलं. वायरीवर जाडजूड शब्दकोश ठेवला तरच स्वारी लाइन धरायची, आणि धरताना शेजारून कुणी चालायचं नाही. 'नवऱ्याचे एवढे लाड केले असते तर,' असं तिच्या मनात यायचं. मग लगेच, 'केले होते की.'

साडेचार होऊन गेले. आतल्या फोनची वायर बाहेरच्या खोलीतूनच जायची. पुन्हा डायल करण्याआधी ती भिंतीजवळ वाकली आणि त्या वायरची पिन उपसून घेतली. आजवर तिनं असं कधी केलं नव्हतं. चोरी केल्यासारखं वाटलं.

घरघर, शिट्टी, मग ती ओळखीची किंकाळी. दिवे लागले. फाइल मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. ती श्वास रोखून बसली. पोहोचली! थोड्या वेळानं बाईंचं उत्तरही आलं, 'मिळालं. उद्याचं पाठवते.'

एवढा आनंद सांगायला घरात एकच माणूस होतं. ती इंटरनेट बंद करून उठली, पिन लावायला वाकली, तेवढ्यात आतून आवाज आला.

"जेवलास का?" सासूबाई रिसीव्हर कानाला लावून विचारत होत्या. मग थांबल्या, कुणी उत्तर द्यावं इतका वेळ. "गुडघे ना? आहेत तसेच... ती होय? असते आपली कामात. माझ्यावर चिडते रे, पण तुला कधी नावं ठेवत नाही. एकदासुद्धा नाही... हो, हो. सांगते तिला."

पिन लावली असती, तर त्या मुक्या रिसीव्हरमध्ये टोन वाजायला लागला असता.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि सासूबाईंचं बोलणं संपेपर्यंत पिन मुठीत धरून राहिली.