पुस्तकात नसलेली खोली

भावाने पुस्तकात मला ठेवलं नाही, याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. विधवा आई शिवणकाम करून एकुलत्या एका मुलाला शिकवते, अशी ती गोष्ट. शिवणकाम मी करायचे. आईला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. पण गोष्ट म्हटली की इकडचं तिकडे व्हायचंच. धाकटा आहे, लिहू दे, म्हणून मी सोडून दिलं.

त्या पुस्तकाने तो मोठा झाला आणि आमच्या घराचं संग्रहालय करायचं ठरलं. मी तिथेच राहत होते. तो स्वतः आला, माझ्या मशीनपाशी बसला आणि म्हणाला, तुझ्या खोलीला कुणी हात लावणार नाही, वाटेल तेव्हा येऊन बसत जा. सख्ख्या भावाचा शब्द. मी घर सोडून भाड्याच्या खोलीत गेले.

उद्घाटनाला ठेवणीतले कपडे घालून गेले. स्वयंपाकघर, जिना, सगळं जागच्या जागी होतं. जिन्याखालचं माझ्या खोलीचं दार मात्र सापडेना. तिथे कोरी भिंत होती, रंग अजून ओलसर. माझं मशीन आईच्या खाटेशेजारी होतं, वर पाटी: ‘आईचं शिवणयंत्र’.

घर सजवणाऱ्या बाई हौसेने सांगू लागल्या. त्यांनी म्हणे पुस्तक हातात धरून खोली न् खोली लावली, आणि पुस्तकात नव्हतं ते बुजवलं. त्यांना काय बोलणार? त्यांनी भावाला विचारलं होतं, त्याने होकार दिला होता.

मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

“ताई, लोक पुस्तकातलं घर बघायला येतात,” तो हळूच म्हणाला. “खोली ठेवली, तर ती कुणाची ते सांगावं लागतं.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तेवढ्यात फोटोवाले आले, एकाने मी कोण म्हणून विचारलं. भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“या आमच्या शेजारच्या ताई.”

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. घराची जुनी किल्ली माझ्याकडेच राहिली होती. ती पर्समधून काढून मी त्याच्या हातावर ठेवली.

“ही तुमची किल्ली,” मी म्हणाले. “तुमच्या आईने शेजारी ठेवायला दिली होती.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. किल्ली घेतली आणि फोटोसाठी उंच धरली.